पट्टी, चौथाई आणि पगारातले दोनशे रुपये

आदरणीय मावशी,

मी 27 वर्षांचा. मूळ गाव माण तालुक्यात, गेली दोन वर्षं पुण्यात नोकरी करतो. दर महिन्याला पगाराच्या स्लिपवर व्यवसाय कर 200 रुपये आणि त्याखाली टीडीएस कापलेला दिसतो. उरलेल्यातून पेट्रोल भरलं की त्यात कर, साबण घेतला की त्यात कर, गावी जाताना टोल. रस्त्यात खड्डे आहेत ते आहेतच. रूमवरचे मित्र म्हणतात, कर म्हणजे कायद्यानं केलेली चोरी. मला न विचारता माझ्या खिशात हात घालतो तो चोरच. हे मी घरी बोललो तर वडील भडकले. ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त झाले आहेत. "तू शिकलास कुणाच्या पैशावर?" एवढंच म्हणाले आणि उठून गेले. दोन महिने झाले, आमचं बोलणं बंद आहे.

माझ्या चुलत्यांचं तालुक्याच्या गावी हार्डवेअरचं दुकान आहे. मी नोकरी सोडून दुकानाचा हिशेब बघावा असं त्यांना वाटतं. पण तिथला निम्मा माल कच्च्या बिलावर जातो. मला सांगा, कर मुळात आला कुठून? तो घेणं न्यायाचं आहे का? आणि मी काकांकडे जाऊ की नको?

– एक माणदेशी

चि. माणदेशी,

अनेक आशीर्वाद.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे मी कुठे बसून बोलते आहे ते तुला कळेल. एका नगरपरिषदेत करवसुलीच्या खिडकीमागे माझी 29 वर्षं गेली. घरपट्टी, पाणीपट्टी, सगळ्याच्या पावत्या मी फाडल्या आहेत. त्यामुळे ही बाई कराचीच बाजू घेणार, असं तुला वाटेल. पण कर अन्यायाचा कसा होतो हे मी जितक्या जवळून पाहिलंय तितकं तुझ्या मित्रांनी पाहिलेलं नसणार.

दर मार्चला बांगड्या विकणाऱ्या एक बाई यायच्या. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. पदराची गाठ सोडून त्या नोटा आणि चिल्लर खिडकीच्या फळीवर मांडायच्या, माझ्याबरोबर स्वतःही मोजायच्या, आणि पावती हातात पडली की विचारायच्या, "आमच्या बोळात दिवा कधी लागायचा?" मी तक्रारवहीत नोंद करायची. पुढच्या मार्चला पुन्हा त्या, पुन्हा तोच प्रश्न. सात वर्षं त्यांनी मला हे विचारलं. त्याच गावात एका मंगल कार्यालयाची थकबाकी आमच्या रजिस्टरात दरवर्षी पुढे ओढली जात होती. दर महिन्याला 2 टक्के शास्ती चढायची, जप्तीची नोटीस टाईप होऊन सहीला जायची आणि परत यायचीच नाही. शेवटी शास्तीमाफीची योजना आली आणि त्यांची सगळी शास्ती उडाली. बांगडीवाल्या बाईंनी कधी थकवलंच नव्हतं, म्हणून त्यांना माफ करायला काही नव्हतं. माफीची ती नोंद माझ्या हातानं झाली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

तेव्हा तुमचा राग मला खोटा वाटत नाही. माझी काळजी वेगळी आहे. हा राग तुला काकांच्या कच्च्या बिलापाशी नेऊन सोडतो, आणि तिथे त्या बांगडीवाल्या बाईंचा काहीच फायदा नाही.

आता तुझा पहिला प्रश्न. कर कुठून आला याच्या आपल्याकडे दोन कहाण्या आहेत, आणि माझ्या मते दोन्ही खऱ्या आहेत.

पहिली कराराची. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला सांगतात की राजा नव्हता तेव्हा मोठा मासा लहान माशाला खातो तशी माणसं एकमेकांना खात होती. लोक ब्रह्मदेवाकडे गेले. त्यानं मनूला राजा व्हायला सांगितलं, तर मनू चक्क नाही म्हणाला. माणसांवर राज्य करण्यातल्या पापाची त्याला भीती वाटली. मग लोकांनीच त्याला देऊ केलं: गुरांचा आणि सोन्याचा पन्नासावा भाग, धान्याचा दहावा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही हीच गोष्ट आहे, फक्त तिथे धान्याचा सहावा आणि व्यापारी मालाचा दहावा भाग ठरतो. बौद्धांच्या अग्गञ्ञ सुत्तात लोक आपल्यातलाच एक जण निवडतात, तंटे सोडवायचं काम त्याच्याकडे देतात आणि बदल्यात आपल्या भातातला वाटा देतात. त्याचं नाव महासम्मत, म्हणजे सगळ्यांनी मान्य केलेला.

असा प्रसंग खरोखर कधी घडला असं मी म्हणत नाही. पण ज्यांनी या गोष्टी रचल्या त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. वाटा घ्यायचा तर बदल्यात काय देतोस ते सांगावं लागतं. नुसत्या तलवारीवर घेणाऱ्याला गोष्ट रचायची गरज पडत नाही.

दुसरी कहाणी त्या तलवारीचीच. वेदकाळात लोक प्रमुखाला "बली" द्यायचे, तो आधी राजीखुशीचा होता असं अभ्यासक मानतात. पुढे तो सक्तीचा झाला. आणि आपला स्वतःचा इतिहास घे. चौथाई म्हणजे मुलखाच्या महसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे आणखी दहावा. 1719 मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून त्याच्या सनदा आणल्या, हे आपण शाळेत अभिमानानं शिकलो. आता बंगालमध्ये जा. 1742 पासून जवळजवळ दहा वर्षं नागपूरकर भोसल्यांच्या फौजा तिथे चौथाईसाठी उतरत होत्या. गावं जळली, माणसं गंगेपलीकडे पळाली. 1751 मध्ये बंगालचा नवाब अलिवर्दी खानानं वर्षाला 12 लाख रुपये कबूल केले तेव्हा ते थांबलं. बंगाली आया आजही मुलांना निजवताना म्हणतात की बर्गी आले, पाखरांनी धान खाल्लं, आता सारा कशानं भरू? बर्गी म्हणजे आपले बारगीर, सरकारी घोड्यावरचे स्वार. आपल्या दप्तरात जी चौथाई, ती त्यांच्या अंगाईत दरोडा. दोन्हीकडचे लोक एकाच रकमेबद्दल बोलत होते.

तुझ्या मित्रांचं म्हणणं मी त्यांच्याहून जोरात मांडलं. मग न्याय कुठून येतो?

आमच्या कचेरीत "वेठ" हा शब्द कुणी वापरायचं नाही, पण तो कराचाच शब्द आहे. संस्कृतमधली विष्टि म्हणजे पैशाऐवजी अंगमेहनतीनं द्यायचा कर. तिचीच पुढे वेठ झाली. वेठीस धरणं आपण आज सहज बोलतो. महार वतनाच्या नावाखाली एका सबंध समाजाकडून पिढ्यान्पिढ्या ही वेठ वसूल झाली. निरोप पोचवा, ओझी वाहा, मेलेलं ढोर ओढा, आणि बदल्यात तुटपुंजी इनाम जमीन. त्याविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं. ही वतनं कायद्यानं गेली ती 1958 च्या कायद्यानंतर. कर चोरी असतो का असं कुणी विचारलं तर मला आधी हा कर आठवतो. तुझ्या पगारातला नंतर.

हीच विष्टि मला फार पूर्वी एका शिलालेखात भेटली. जुनागडला, गिरनारच्या वाटेवर. इसवी सन 150 च्या सुमाराचा, रुद्रदामन नावाच्या शक क्षत्रपाचा. तिथे सुदर्शन नावाचा तलाव होता, चंद्रगुप्त मौर्याच्या वेळी बांधलेला. मोठ्या वादळात त्याचा बांध फुटला. भगदाड 420 हात लांब, तेवढंच रुंद आणि 75 हात खोल. मंत्री म्हणाले, एवढा खर्च झेपायचा नाही, सोडून द्या. लोकांनी आशा सोडून आक्रोश सुरू केला. रुद्रदामननं तो बांध पूर्वीपेक्षा मजबूत बांधला आणि दगडावर कोरून ठेवलं की कर, विष्टि आणि प्रणय यांनी लोकांना न पिडता, स्वतःच्या कोशातून मी हे केलं. प्रणय म्हणजे प्रेमानं दिलेली भेट. अडचणीच्या वेळी राजा जी सक्तीची देणगी मागायचा तिचं हे गोड नाव. अर्थशास्त्र सांगतं, ती एकदाच मागावी, दुसऱ्यांदा मागू नये.

आता कोश भरला होता कशानं, तर लोकांच्या करानंच. तोच शिलालेख पुढे म्हणतो की कोश रीतसर घेतलेल्या बली, शुल्क आणि भाग यांनी भरलेला होता. मला त्यातलं "रीतसर" महत्त्वाचं वाटतं. जवळपास 1900 वर्षांपूर्वी एका परक्या राजाला दगडावर लिहून सांगावंसं वाटलं की मी ठरलेल्यापेक्षा जास्त घेतलं नाही, आणि घेतलं त्याचा हा तलाव. ही माझ्या दृष्टीनं पावती आहे. कर जन्मतो कसाही, न्यायाचा होतो तो इथे. आधी ठरलेलं माप, आणि नंतर दिलेला हिशेब.

माप म्हटलं की आपल्याकडे शिवाजी महाराजांच्या वेळची काठी आठवते. पाच हात आणि पाच मुठींची काठी, वीस काठ्या लांब वीस काठ्या रुंद तो बिघा, 120 बिघ्यांचा चावर. पिकाचे पाच वाटे करायचे, तीन रयतेचे, दोन सरकारचे. आजच्या डोळ्यांना दोन पंचमांश जास्त वाटेल, आणि आहेच. पण रयतेला पेरणीआधी माहीत होतं की आपल्याकडून किती जाणार. त्याआधी गावचा देशमुख, देशपांडे, पाटील मनाला येईल ते उकळून सरकारात थोडं भरायचे. 5 सप्टेंबर 1676 चं महाराजांचं प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेलं पत्र मिळालं तर वाच. भाजीच्या देठालाही मन दाखवू नकोस, असं त्यात बजावलं आहे. पण मला त्याहून पुढचा भाग आवडतो. ज्याला बैल नाही त्याला बैल दे, पोटाला नाही त्याला धान्य दे, आणि ते वाढीदिढी न लावता, तो सावरल्यावर हळूहळू फक्त मुद्दल परत घे. वसूल करणाऱ्याला आधी रयत उभी करायला सांगणारं हे पत्र आमच्या खिडकीसमोर लावायला हवं होतं.

आणि हे मोडायला किती वेळ लागतो तेही याच मातीत दिसतं. दुसऱ्या बाजीरावानं मुलूख मक्त्यानं द्यायला सुरुवात केली. जो जास्त बोली बोलेल त्याला वसुली. मक्तेदाराला वर्षभरात आपले पैसे फिरवायचे, त्याला रयतेशी काय देणंघेणं? मग इंग्रज आले. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं इंदापूर भागात जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाच्या 55 टक्के सारा ठरवला. कागदावर गणित बारीक, मोजणी चुकीची, वसुली निर्दय. लोक शेतं टाकून निघून गेले. 1835 नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी पुन्हा मोजणी केली, दर उतरवले आणि 30 वर्षांसाठी कायम केले.

इथे जरा थांब, कारण तुझ्या मित्रांच्या मुद्द्याची गाठ इथेच आहे. ते म्हणतात, माझी मालमत्ता आधी, कर नंतर. तुझ्या आजोबांच्या पेटीत बघ. जमिनीचा पुरावा म्हणून घराघरात जे कागद जपले जातात त्यात शेतसाऱ्याच्या जुन्या पावत्या असतात. तुझ्या शेताला जो सर्व्हे नंबर आहे तो सारा बसवायच्या मोजणीतून आला. सातबारा हा महसुलाचाच कागद. शेजाऱ्यानं बांध कोरला तर तू मोजणीचा अर्ज करतोस, कोर्टात जातोस, आणि त्या सगळ्या यंत्रणेचा पगार करातून होतो. "हे माझं" असं तू म्हणू शकतोस, कारण ते तुझं असल्याची नोंद कुणीतरी ठेवली आहे. मालकी आणि कर आपल्याकडे जुळ्यासारखे वाढले. म्हणजे कर कितीही घ्यावा असं होत नाही. त्याच मोजणीनं जमीन गहाण टाकता येऊ लागली, पुढे सारा वाढला, सावकार घरात शिरला, आणि मे 1875 मध्ये सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. पण "कर नसता तर सगळं माझंच असतं" हे काही खरं नाही.

तुझ्या टीडीएसचा पूर्वज 1860 मधला. 1857 चा उठाव मोडायला झालेला खर्च भरून काढायला इंग्रज सरकारचा अर्थ सदस्य जेम्स विल्सननं आयकर आणला: वर्षाला 200 ते 500 रुपये मिळकतीवर 2 टक्के, वर 4 टक्के. आपल्याला चिरडायच्या खर्चाचं बिल आपल्यालाच. पाच वर्षांत तो बंद झाला, 1886 पासून मात्र कायमचा बसला. आज राज्यघटनेचं कलम 265 म्हणतं की कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येणार नाही, आणि तो कायदा तू निवडून दिलेले लोक करतात. "मला विचारलं नाही" हे 1860 मध्ये शंभर टक्के खरं होतं. आज अर्धवट खरं आहे. मत दिल्यावर पाच वर्षं आपण काही विचारत नाही, हा उरलेला अर्धा भाग.

या बाबतीत माझे गुरू महात्मा फुले. 1882 मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे त्यांनी मांडलं की सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे जातो. सारा भरणाऱ्याच्या पोराला गावात शाळा नाही. त्याआधी ते पुण्याच्या नगरपालिकेत सभासद होते. व्हाइसरॉय लिटन येणार म्हणून स्वागताला हजार रुपये खर्च करायचं ठरलं, तेव्हा एकट्या जोतीरावांनी विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या म्हणाले. कर देऊ नका असं ते म्हणाले नाहीत. कोण देतो आणि कुणाला मिळतं, हे विचारलं. माझ्या नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत हे मला कुणी शिकवलं असतं तर मी ती तक्रारवही मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर नेऊन उघडली असती. उशिरा नेली. दिवा लागला, पण सात वर्षांचे मार्च गेल्यावर.

आता तुझ्या स्लिपवरचे ते 200 रुपये. फेब्रुवारीची स्लिप काढून बघ, 300 असतील. अकरा महिने 200 आणि एक महिना 300, मिळून 2500. राज्यघटनेच्या कलम 276 नं व्यवसाय कराला घातलेली ही वर्षाची कमाल मर्यादा. हा कर महाराष्ट्रात 1975 मध्ये का आला, हे तुझ्या वडिलांना नक्की माहीत असेल. 1972 चा दुष्काळ. तुझा माण तालुका तर त्याच्या तोंडावरच. 1973 च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर राज्यात 50 लाखांच्या आसपास माणसं होती. बाया डोक्यावर पाट्या घेऊन, खडी फोडत. दुपारी मिळायची ती सुकडी. दुष्काळ सरल्यावर प्रश्न उभा राहिला: पुढच्या वेळी काय? विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी धरून ठेवलेला विचार असा, की खेड्यातला माणूस काम मागायला आला तर ते देणं सरकारवर बंधनकारक असावं. सांगली जिल्ह्यात तासगावकडे त्यांनी तो करूनही पाहिला होता. पण पैसा कुठून? तर शहरात पगार घेणाऱ्यांकडून, वकील-डॉक्टर-व्यापाऱ्यांकडून व्यवसाय कर घ्यायचा आणि तितकीच भर सरकारनं घालायची. 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. 2005 मध्ये देशानं तसा कायदा केला, त्याच्या मुळाशी ही योजना होती.

पुण्यात पगार घेणाऱ्यानं माणमध्ये खडी फोडणारीसाठी दिलेला वाटा, असा हा कर जन्मला. तू आता पहिल्या जागी आहेस. तुझ्या घरातलं कुणीतरी दुसऱ्या जागी असणार.

मला विचारशील तर हा कर न्यायाचा. म्हणजे तो पैसा आज नेमका तिथेच पोचतो, असं मी म्हणत नाही. हमीच्या कामांवर खोटी हजेरीपत्रकंही निघाली आहेत. पण तो कुणाकडून का घ्यायचा हे उघड सांगून घेतलेला होता, आणि म्हणून त्याचा जाबही विचारता येतो. साबणावरच्या कराबद्दल मी इतक्या खात्रीनं बोलणार नाही. साबणाच्या एका वडीवर तू जितका कर देतोस तितकाच त्या बांगडीवाल्या बाईही देतात, आणि त्यांच्या मिळकतीच्या मानानं तो कितीतरी जड. "आम्ही मूठभर लोक कर भरतो, बाकीचे फुकट खातात" असं रूमवर कुणी म्हणालं तर त्याला हे आठवण करून दे. या देशात भिकारीसुद्धा काडेपेटी विकत घेताना कर भरतो.

मग अन्यायाचा कर आला तर काय करायचं? 1928 मध्ये बारडोलीत सारा 22 टक्क्यांनी वाढवला. बारडोली तेव्हा मुंबई इलाख्यात. वल्लभभाई पटेलांच्या मागे उभं राहून शेतकऱ्यांनी भरणार नाही असं उघड सांगितलं. जप्तीवाले म्हशी ओढून नेतील म्हणून माणसं गुरांसकट महिनोन् महिने दारं लावून घरात राहिली. जमिनी जप्त झाल्या, पण माणसं हटली नाहीत. शेवटी चौकशी झाली आणि वाढ 6 टक्क्यांच्या आसपास आली. 1930 मध्ये शिरोड्याला लोकांनी मीठ उचललं तेही दिवसाढवळ्या, लाठ्या खात.

हे तुला मुद्दाम सांगते, कारण आता काकांचं दुकान. कच्चं बिल म्हणजे बारडोली नाही. तिथे कुणी सरकारला जाब विचारत नाही. कंपनीकडून आलेल्या मालाचा हिशेब जुळवायला दुसरीकडे खोटी कागदं करावी लागतात, आणि ती तुझ्या हातानं होणार. गिऱ्हाईकाला चार पैसे स्वस्त मिळतं, पण मोटर महिन्यात जळली तर त्याच्या हातात पुरावा नसतो. आणि शेजारचा जो दुकानदार पक्कं बिल देतो तो दर महिन्याला गिऱ्हाईक गमावतो. माझ्या रजिस्टरातलं ते मंगल कार्यालय आणि काकांचं दुकान यांत फरक रकमेचा आहे. हे लिहिताना मला वाईट वाटतं, काका तुझे सख्खे आहेत. पण मी ती शास्तीमाफीची नोंद केलेली बाई आहे, मला दुसरं लिहिता येणार नाही.

म्हणून जाऊ नकोस, असंही मी म्हणत नाही. काकांकडे जा आणि आधी एक आठवडा नुसत्या वह्या बघ. वर्षाची उलाढाल किती ते काढ. दीड कोटीच्या आत असेल तर जीएसटीत व्यापाऱ्यांसाठी कंपोझिशनची सोय आहे: उलाढालीच्या 1 टक्का भरायचा, तिमाहीला एकदा, कटकट कमी. त्यात गिऱ्हाईकाकडून वेगळा कर घेता येत नाही आणि खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही, शिवाय परराज्यात माल विकता येत नाही. तालुक्याच्या दुकानाला बहुतेक त्याची अडचण नसते. बांधकाम ठेकेदार गिऱ्हाईक जास्त असतील तर त्यांना वजावटीसाठी पक्कंच बिल लागतं, तेव्हा नेहमीची पद्धत बरी. हे सगळं चांगल्या सीएसमोर बसून ठरवा, काकांना बरोबर घेऊन. बरेचसे दुकानदार लबाडीपेक्षा कागदांच्या भीतीनं कच्च्याकडे वळतात, हे मी खिडकीतून पाहिलंय. काका म्हणाले की चल, वर्षभरात सगळं पक्क्यावर आणू, तर खुशाल नोकरी सोड. "तू फक्त लिही, मी सांगतो ते" असं म्हणाले तर पाया पड आणि पुण्याला परत ये. तुझी सही तुझीच आहे.

राहिले वडील. ते तुला टोमणा मारत नव्हते रे. त्यांचा पगार, तुझी शाळा, शाळेचं छप्पर, सगळं त्या पैशातून आलं आणि त्यांनी तो आयुष्यभर जपून फेडला. तू त्याला चोरी म्हणालास, म्हणजे त्यांच्या नोकरीला चोरीचा माल म्हणालास असं त्यांना ऐकू आलं. फोनवर समजावत बसू नकोस. पुढच्या सुट्टीत गावी जा.

तुमच्या गावच्या जत्रेला दर घराला पट्टी बसते ना? देवळात बैठक होते, मुंबईकरांकडून जास्त, एकट्या म्हातारीला माफ, आणि जत्रा सरली की त्याच देवळात हिशेब वाचला जातो: एवढे तमाशाला, एवढे मंडपाला, एवढे शिल्लक. ज्या वर्षी हिशेब वाचला जात नाही त्याच्या पुढच्या वर्षी पट्टी जमत नाही. वडिलांना घेऊन ग्रामसभेला जा आणि तिथे असाच हिशेब माग. कोणत्या कामाला किती आले, किती गेले. तोंडी दिला नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज कर. मास्तरांचं अक्षर चांगलं असणार. अर्ज त्यांच्याकडून लिहून घे.

आणि घरात आजी असतील तर त्यांना विचार, 72 साली कुठल्या कामावर होत्या. पाझर तलाव असेल, नाला बंडिंग असेल, नाहीतर रस्ता. संध्याकाळी वडिलांना गाडीवर मागे बसवून तिथे घेऊन जा. कोणता तलाव ते मला कळव, आणि त्यात आज पाणी आहे का तेही.

तुझी,
मावशी